मूत्रमार्गातला तात्पुरता स्टेंट: काही महिने वापरल्यानंतर

मूत्रमार्ग एखाद्या जागी आकसला (स्ट्रिक्चर) की तो उघडा ठेवायला आत जाळीची छोटी नळी बसवतात, तो स्टेंट. तो आत आहे तोवर लघवीची धार चांगली असणारच. तेवढ्यावरून त्याला पैकीच्या पैकी मार्क देऊ नका. खरा निकाल तो काढल्यावर कळतो.

हा बल्बर भागात, म्हणजे अंडकोषामागच्या वळणावर, बसणारा निटिनॉलचा (निकेल-टायटॅनियमच्या लवचिक मिश्रधातूचा) स्टेंट. वर पॉलिमरचं आवरण असल्याने तारांमधून मांस आत वाढत नाही. उघडल्यावर व्यास ४५ फ्रेंच (नळ्यांच्या जाडीचं माप), म्हणजे १५ मिमी. नेहमीचं १६ फ्रेंचचं कॅथेटर जेमतेम ५ मिमीचं असतं. आत ठेवायची कमाल मुदत १२ महिने.

सगळं मापावर अवलंबून आहे. आधी डाय टाकून तिरका एक्स-रे, लघवीचं कल्चर, मग दुर्बिणीतून स्ट्रिक्चर कापून स्टेंट बसवतात. तो आकसलेल्या भागाच्या दोन्ही टोकांना अर्धा-एक सेंटिमीटर जास्त हवा. आखूड पडला की टोकालाच नवं आकुंचन तयार होतं. आत स्फिंक्टरपर्यंत, म्हणजे लघवी रोखून धरणाऱ्या स्नायूपर्यंत, पोचला तर लघवी गळते. म्हणून स्फिंक्टरला अगदी चिकटून असलेल्या स्ट्रिक्चरला हा उपाय नाही. शिश्नातल्या स्ट्रिक्चरलाही नाही, ताठरतेच्या वेळी फार दुखतं.

सुरुवातीला जळजळ, थोडं रक्त, बसताना टोचल्यासारखं. वडोदऱ्यात दांडिया बाजारातून मकरपुऱ्यापर्यंत रोज स्कूटर चालवणाऱ्यांना हे जास्त जाणवतं. सीट मऊ असली तरी दाब नेमका तिथेच येतो. सर्वांत वैताग मात्र नंतरच्या थेंबांचा. स्टेंटच्या भागाला स्नायू दाबू शकत नाहीत, त्यामुळे लघवी नळीत साचून राहते आणि पँट चढवली की उतरते. लघवी झाल्यावर अंडकोषामागे दोन बोटं ठेवून पुढच्या दिशेने हलकेच दाबत आणा, बरीचशी निघते.

दुसरा त्रास क्षार बसण्याचा. वडोदऱ्याच्या मे महिन्यात लघवी गडद होते, तेव्हा दिवसाला दोन ते अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्या (हृदयाच्या किंवा किडनीच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारूनच). जळजळ झाली की मेडिकलमधून अल्कलायझर (लघवी अल्कधर्मी करणारं) सिरप आणायची आपली सवय इथे घातक. लघवी अल्कधर्मी झाली की फॉस्फेटचे थर उलट लवकर चढतात. सेव-उसळीला मात्र उगाच दोष देऊ नका!

धार अचानक बारीक झाली तर स्टेंट सरकला किंवा तुंबला असं समजा. लघवी अडली तर त्यातून कॅथेटर घालू देऊ नये, स्टेंट ढकलला जातो. गरज पडल्यास पोटातून थेट मूत्राशयात नळी टाकतात. रात्रीच्या ड्यूटीवरच्या डॉक्टरला हे माहीत असेलच असं नाही, म्हणून स्टेंटचं कार्ड पाकिटात ठेवा. एमआरआयच्या आधीही तेच दाखवा.

काढणं त्यामानाने सोपं. दुर्बिणीतून चिमट्याने टोक धरून ओढलं की गुंडाळी उलगडत बाहेर येते. क्षार चढलेले असतील तर हेच काम किचकट होतं, म्हणून तारीख पुढे ढकलू नका. नंतर तीन, सहा आणि बारा महिन्यांनी युरोफ्लोमेट्री (लघवीच्या धारेचा वेग मोजणारी तपासणी) करा. कमाल वेग सेकंदाला १५ मिलीच्या वर असेल तर ठीक. १० च्या खाली आणि आलेख सपाट असेल तर स्ट्रिक्चर परतलं. तेव्हा दुसरा स्टेंट टाकण्यापेक्षा गालाच्या आतली त्वचा लावून मूत्रमार्ग दुरुस्त करण्याचं ऑपरेशन (युरेथ्रोप्लास्टी) विचारा. तरुण माणसाने तर ती आधीच विचारावी. स्टेंट मोठं ऑपरेशन न झेपणाऱ्यांसाठी बरा.