खर्च हाताबाहेर जातोय, हे प्रायमाव्हेरा पी६ वेळेत सांगतं का?

मेट्रो, धरण, रिफायनरी, एक्स्प्रेसवे अशा कामांवर ओरॅकलचं प्रायमाव्हेरा पी६ हे प्रकल्पाचं वेळापत्रक आणि खर्च सांभाळणारं सॉफ्टवेअर सर्रास वापरलं जातं. कित्येक टेंडरांत वेळापत्रक याच्यातच सादर करा अशी अट असते. वेळापत्रकासाठी ते उत्तम आहे, त्यावर वेगळं लिहायची गरज नाही. हा रिव्ह्यू खर्चाच्या बाजूचा आहे. वाढणारा खर्च सुप्रमाचा (सुधारित प्रशासकीय मान्यतेचा) प्रस्ताव करायची वेळ येण्याआधी त्यात दिसतो का? दिसतो. पण जसं इन्स्टॉल झालं तसंच वापरलं, तर तोटा होत असतानाही ते फायदा दाखवतं.

एक साधं उदाहरण घेऊ. पायाचे १२० पाइल (जमिनीत खोल घातलेले खांब), बजेट ६ कोटी, मुदत ६० दिवस. ३० दिवसांनी ४२ पाइल झाले आणि खर्च २.७० कोटी झाला. नव्या प्रोजेक्टमध्ये 'पर्सेंट कम्प्लीट टाइप' हा 'ड्यूरेशन'वर असतो. प्लॅनरने सवयीने शिल्लक दिवस ३० भरले की काम ५० टक्के, कमावलेलं मूल्य (झालेल्या कामाची बजेटनुसार किंमत) ३ कोटी आणि सीपीआय (हे मूल्य भागिले प्रत्यक्ष खर्च; १ पेक्षा कमी म्हणजे तोटा) १.११ येतो. म्हणजे सगळं छान चाललंय. प्रत्यक्षात काम ३५ टक्के झालंय, त्याचं मूल्य २.१० कोटी, आणि सीपीआय ०.७८. याच गतीने गेलं तर ६ कोटींचं काम सुमारे ७.७१ कोटींवर जाणार.

म्हणून पहिलं काम हे: प्रोजेक्टच्या 'डिफॉल्ट्स' टॅबमध्ये प्रकार बदलून 'फिजिकल' (प्रत्यक्ष झालेल्या कामावर) करा. हा बदल फक्त नव्या ॲक्टिव्हिटींना, म्हणजे वेळापत्रकातल्या कामांना, लागू होतो. आधीच टाकलेल्या ॲक्टिव्हिटींसाठी कॉलम उघडून 'फिल डाउन' करावं लागतं, आणि नेमकं हेच राहून जातं. फिजिकल टक्केवारी अंदाजाने भरायची नसेल तर 'स्टेप्स' वापरा. पुलाच्या एका पिअरला (खांबाला) पाइल ४५, पाइल कॅप २०, पिअर २०, पिअर कॅप १५ असं वजन द्या, म्हणजे साइट इंजिनीअरला फक्त काय पूर्ण झालं तेवढं सांगावं लागतं.

दुसरी जागा ॲडमिन प्रेफरन्सेसमधला 'अर्न्ड व्हॅल्यू' टॅब. बेसलाइनच्या (तुलनेसाठी जपून ठेवलेल्या मूळ योजनेच्या) किमती कशा घ्यायच्या याचे तिथे पर्याय आहेत. 'ॲट कम्प्लीशन व्हॅल्यूज विथ करंट डेट्स' हा सर्वांत कमी फसवणारा. पुढच्या खर्चाचा अंदाज कुठल्या सूत्राने काढायचा तेही पाहा. पीएफ (उरलेल्या कामाच्या खर्चाला लावायचा गुणक) १ ठेवला तर वरच्या उदाहरणात अंतिम खर्च ६.६० कोटी येतो, १ भागिले सीपीआय ठेवला तर ७.७१ कोटी. अडचण एकदाच येऊन संपली असेल तर पहिलं सूत्र योग्य. खडकाचा अंदाजच चुकला असेल आणि पुढचे पाइलही तसेच जाणार असतील, तर दुसरं. हा निर्णय साइटवरच्या माणसाने घ्यायचा असतो, सॉफ्टवेअरने नाही.

आता पी६ची आम्हाला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट, जी फार कमी ठिकाणी नीट वापरलेली असते: रखडण्याची किंमत. मोठ्या प्रकल्पात ही किंमत बजेटचा मोठा भाग खाऊ शकते. साइट ऑफिस, क्रेनचं भाडं, बॅचिंग प्लांट, सिक्युरिटी, स्टाफ हे सगळं काम थांबलं तरी चालूच राहतं. यासाठी 'लेव्हल ऑफ एफर्ट' प्रकारची (इतर कामांसोबत लांबणारी) ॲक्टिव्हिटी घ्या, पहिल्या कामाच्या सुरुवातीपासून शेवटच्या कामाच्या शेवटापर्यंत जोडा, ड्यूरेशन टाइप 'फिक्स्ड युनिट्स/टाइम' ठेवा आणि ओव्हरहेड रिसोर्स म्हणून लावा. जमीन ताब्यात येण्याचा माइलस्टोन सात महिने पुढे ढकलून एफ९ दाबलं (वेळापत्रक पुन्हा मोजलं), की महिना १८ लाखांचं ओव्हरहेड आपोआप १.२६ कोटींनी वाढलेलं दिसतं. हाच खर्च 'एक्स्पेन्स' म्हणून टाकला तर आकडा हलत नाही, आणि बरेच जण तो तिथेच टाकतात. मात्र या 'लेव्हल ऑफ एफर्ट' ॲक्टिव्हिटी वेगळ्या डब्ल्यूबीएसमध्ये (कामांच्या वेगळ्या गटात) ठेवा. त्या नुसत्या वेळ गेला म्हणून मूल्य कमावतात आणि एकूण सीपीआय फुगवतात.

भाववाढीसाठी रिसोर्सच्या 'युनिट्स अँड प्राइसेस' टॅबमध्ये तारखेनुसार दर देता येतात. स्टीलचा आजचा दर, पुढच्या एप्रिलपासूनचा दर असं टाका आणि नंतर टूल्समधून 'रिकॅल्क्युलेट असाइनमेंट कॉस्ट्स' चालवा. ते चालवलं नाही तर जुनेच आकडे राहतात. आकस्मिक खर्चाची रक्कम ॲक्टिव्हिटींत वाटून टाकू नका. ती वेगळी ठेवली तरच कुठे किती वापरली ते कळतं.

उणिवा गंभीर आहेत. पर्चेस ऑर्डर दिली पण बिल आलं नाही, असा बांधील खर्च पी६ला कळत नाही. एक्स्ट्रा आयटम आणि व्हेरिएशनच्या मंजुरीची साखळीही त्यात नाही. मुख्य म्हणजे आरए बिलाचा (चालू कामाच्या टप्प्याटप्प्याच्या बिलाचा) उशीर. काम एप्रिलचं, बिल मेचं, पास जूनमध्ये. काम भरलं आणि खर्च भरला नाही तर दोन-तीन महिने सीपीआय सुंदर दिसतो. झालेल्या कामाचा अंदाजे खर्च त्याच महिन्यात भरा, बिल आल्यावर दुरुस्त करा, आणि महिना बंद करताना 'स्टोअर पीरियड परफॉर्मन्स' करा. नाहीतर आजवरचा खर्च सॉफ्टवेअर पूर्ण कालावधीत सपाट पसरवतं आणि कुठल्या महिन्यात घसरण सुरू झाली ते हरवतं.

काही कारणं मात्र कुठल्याच सॉफ्टवेअरच्या हातात नसतात. विदर्भातला गोसीखुर्द धरण प्रकल्प १९८३ मध्ये ३७२ कोटींचा होता, तो १८,४९४ कोटींच्याही पुढे गेला. भूसंपादन, पुनर्वसन आणि चार दशकांची भाववाढ त्यात आहे. मुंबई मेट्रो ३ ची ३३.५ किलोमीटरची मार्गिका २३,१३६ कोटींवरून ३७,२७६ कोटींवर गेली. कारशेड आरेतून कांजूरमार्गला आणि पुन्हा आरेत, यात गेलेली वर्षं मोजा. अशा निर्णयाआधी वर सांगितलेली ओव्हरहेडची रचना तयार असेल, तर प्रत्येक महिन्याच्या विलंबाची किंमत बैठकीत टेबलावर ठेवता येते. आमच्या मते पी६ विकत घेण्याचं सर्वांत मोठं कारण तेच आहे.

पाच-दहा कोटींच्या इमारतीला हे नको. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट किंवा बीओक्यूला (कामांच्या परिमाणांच्या आणि दरांच्या यादीला) जोडलेली एक्सेल शीट पुरते. अनेक पॅकेजेस, अनेक ठेकेदार आणि वर्षानुवर्षं चालणारं काम असेल तर घ्या, आणि खर्चाची बाजू सांभाळायला प्लॅनरसोबत एक क्वांटिटी सर्व्हेअर (परिमाणं आणि खर्च मोजणारा तज्ज्ञ) बसवा. दर महिन्याला बॅकअप घेताना एक्सईआरवर (पी६च्या स्वतःच्या फाइलवर) विसंबू नका, त्यात बेसलाइन जात नाही. एक्सएमएल एक्स्पोर्ट करताना बेसलाइनची खूण करा.