व्हीपीएन: आठ महिने वापरल्यावर

आमच्याकडे नेट गल्लीतल्या केबलवाल्याचं. त्याचा मुलगा शाळेत माझ्याच बाकावर बसायचा. पोरगा चांगला आहे, पण रात्री मी कुठली साइट उघडतो हे त्यांच्या मशीनला कळू शकतं, हे डोक्यातून जाईना. एचटीटीपीएसमुळे (साइटच्या पत्त्याआधीचं ते कुलूप) पासवर्ड, मजकूर झाकला जातो; साइटचं नाव बहुतेक वेळा उघडंच राहतं.

व्हीपीएन म्हणजे आपलं सगळं नेट दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमधून कुलूपबंद नेणारी सेवा. ती घेतली की तेच नाव केबलवाल्याऐवजी व्हीपीएन कंपनीला दिसू शकतं. म्हणजे प्रश्न भरवशाचा. 'टॉप टेन' याद्या चाळल्या, मग कळलं की एक्स्प्रेसव्हीपीएन आणि सायबरघोस्टच्या मालक कंपनीने, केप टेक्नॉलॉजीजने, २०२१ मध्ये व्हीपीएनमेंटर ही परीक्षणांची साइटच विकत घेतली होती. याद्या तिथेच बंद केल्या.

भारतात आणखी एक भानगड. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इनने, म्हणजे सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने, व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकाचं नाव, पत्ता, दिलेला आयपी (नेटवरचा ओळख नंबर) ५ वर्षं जपून ठेवायला सांगितलं. एक्स्प्रेस, नॉर्ड, सर्फशार्क, प्रोटॉन, सगळ्यांनी इथले सर्व्हर हलवले. त्यामुळे त्यांच्या सर्व्हरच्या यादीत 'इंडिया' दिसलं तरी मशीन सिंगापुरात असू शकतं.

शेवटी स्वीडनचं मुलवाड घेतलं. ना ईमेल, ना फोन. फक्त १६ आकडी खाते नंबर मिळतो. एप्रिल २०२३ मध्ये स्वीडिश पोलीस त्यांच्या गोटेनबर्गच्या ऑफिसात झडतीचं वॉरंट घेऊन गेले आणि रिकाम्या हाताने परतले, कारण मागायला आले ती माहिती ठेवलेलीच नव्हती. जाहिरातीतल्या 'नो लॉग्स'पेक्षा (म्हणजे 'आम्ही नोंदी ठेवत नाही') मला हे पटलं. महिन्याला ५ युरो. वर्षाचे एकदम भरले तरी सूट नाही. पाच उपकरणं चालतात.

वायरगार्डवर (व्हीपीएन जोडणीची एक पद्धत) सिंगापूरचा सर्व्हर लावला की माझ्या १०० एमबीपीएसच्या लाइनवर ७०-७५ मिळतात. व्हिडिओ कॉल अडकत नाही. कॅप्चा (तुम्ही रोबो नाही ना, हे तपासणारी चित्रं) मात्र जीव खातात, ट्रॅफिक लाइट ओळखून ओळखून डोळे दुखले! बँकेचं अ‍ॅप तर परदेशी आयपी पाहून उघडेनाच. अँड्रॉइडवर स्प्लिट टनेलिंगमध्ये, म्हणजे निवडक गोष्टी व्हीपीएनबाहेर ठेवायच्या सोयीत, बँक आणि यूपीआय बाहेर काढले, तेव्हा कुठे सुटलो. आणि गुगलला लॉगिन करून बसलात तर व्हीपीएन असो-नसो, त्याला तुम्ही कोण ते ठाऊकच.

तो १६ आकडी नंबर मी कालनिर्णयच्या मागच्या पानावर लिहून ठेवला होता. जानेवारीत आईने जुनं कालनिर्णय रद्दीत घातलं. नशीब, अ‍ॅपमध्ये नंबर दिसत होता.