विंडोज सर्व्हरचं ट्रेनिंग, नऊ महिन्यांनंतर: क्लास, लॅब आणि ‘टॅली उघडंना’

गेल्या ऑगस्टमध्ये आमच्या सपोर्ट टीममधल्या चौघांना विंडोज सर्व्हर २०२२ शिकवायला घेतलं. आता नऊ महिने झाले. सुरुवातीला दोघातिघांनी विचारलं होतं, ‘क्लास लावू का, की घरीच लॅब करू?’ तेव्हा उत्तर नव्हतं माझ्याकडं. आता आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी आमची गोष्ट, कारण त्यावर बरंच अवलंबून आहे. आम्ही कोल्हापूरचे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतल्या फौंड्र्या, मशीन शॉप, शहरातल्या काही पतसंस्था आणि सीएंची ऑफिसं यांचे सर्व्हर आणि नेटवर्क सांभाळतो. पोरं हार्डवेअरला पक्की आहेत. एसएमपीएस बदलतील, रॅकमधला गुंता सोडवतील, प्रिंटरशी तासभर झुंजतील. पण सर्व्हर म्हटलं की हात मागं घेऊन माझ्या तोंडाकडं बघायची. आणि माझं स्वतःचं शिक्षण विंडोजच्या जुन्या एनटी ४.० च्या काळातलं, सहा परीक्षा देऊन एमसीएसई हे मायक्रोसॉफ्टचं सर्टिफिकेट मिळायचं तेव्हाचं. ती सर्टिफिकेटं मायक्रोसॉफ्टनं ३१ जानेवारी २०२१ ला कायमची बंद केली. आता त्या जागी एझेड-८०० आणि एझेड-८०१ अशा दोन परीक्षा आहेत.

तीन गोष्टी घेतल्या. चौघांसाठी पाच दिवसांचा ऑनलाइन क्लास (संस्थेचं नाव लिहीत नाही, विचारूही नका). मायक्रोसॉफ्ट लर्नवरचं वाचन, जे फुकट आहे. आणि लॅबसाठी एक सेकंडहँड वर्कस्टेशन, ६४ जीबी रॅम आणि एक टीबी एसएसडी टाकून. त्यावर हायपर-व्ही (एकाच मशीनवर अनेक आभासी मशीनं, म्हणजे व्हीएम, चालवायचं सॉफ्टवेअर) आणि त्यात विंडोज सर्व्हरची १८० दिवसांची इव्हॅल्युएशन, म्हणजे चाचणीपुरती, कॉपी. ही इव्हॅल्युएशन लक्षात ठेवा, पुढं ती आम्हाला महागात पडली.

क्लासबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. शिकवणारा माणूस जाणकार होता, पण त्याला पाच दिवसांत पुस्तक संपवायचं होतं. शिवाय परीक्षेच्या नावातच ‘हायब्रिड’ असल्यामुळं बराच भाग अ‍ॅझ्युअरचा, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडचा. आमच्या बहुतेक गिऱ्हाइकांचा सर्व्हर अकाउंट्सच्या केबिनमध्ये टेबलाखाली, चपलांच्या शेजारी असतो. लॅबच्या पुस्तिकेतली कंपनी मात्र कॉन्टोसो, मायक्रोसॉफ्टच्या उदाहरणांतली काल्पनिक. तिथं लाइट जात नाही, अ‍ॅडमिनचा पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला नसतो, आणि पायरी चारनंतर पायरी पाच केली की उत्तर बरोबरच येतं. पोरांनी पाचही दिवस सगळ्या लॅब पूर्ण केल्या. सहाव्या दिवशी मी विचारलं, ‘डीएचसीपी बंद पडला तर माणसाला पीसीवर काय दिसेल?’ चौघंही गप्प. डीएचसीपी म्हणजे पीसींना नेटवर्कवरचा पत्ता, आयपी, वाटणारी सेवा. ती नसली की पीसी स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा आयपी घेतो. तो त्यांनी शेकडो वेळा पाहिलाय, पण तो त्या धड्यातच नव्हता, म्हणून आठवला नाही.

इन्स्टॉलेशन शिकायला एक दुपार पुरते, त्याचं कौतुक करायला नको. एकच खोच आहे. यादीतला पहिला पर्याय सर्व्हर कोअर, म्हणजे डेस्कटॉप नसलेला, असतो आणि नवीन माणूस पहिल्यावरच क्लिक करतो. मग पडद्यावर नुसता काळा चौकोन आणि आकड्यांचा मेनू. आमच्यातला एक जण अर्धा तास वाट बघून म्हणाला, ‘सर, हँग झालंय वाटतं.’ कोअरचं नंतर डेस्कटॉप करता येत नाही, परत पहिल्यापासून टाकावं लागतं. एकदा हात पोळला की विसरत नाही.

खरं शिक्षण सुरू झालं ते ऑक्टोबरपासून, आणि ते योगायोगानं. आमच्याकडं एक फोनवही आहे. गिऱ्हाइकाचा फोन आला की तो जे बोलला ते त्याच्याच शब्दांत लिहायचं. ‘टॅली उघडंना.’ ‘काल चालू होतं, आज पासवर्ड घेईना.’ ‘शेजारच्या मॅडमचं चालतंय, माझंच नाही.’ एका संध्याकाळी ही वही चाळताना लक्षात आलं की क्लास चालतो तो डीएनएसपासून (मशीनच्या नावावरून आयपी सांगणारी सेवा) सुरू होऊन माणसापर्यंत. आमचं काम चालतं माणसापासून सुरू होऊन डीएनएसपर्यंत, आणि तेही फोनवर, समोरचा वैतागलेला असताना. ही उलटी वाट कुठल्याच धड्यात नव्हती.

मग पद्धत बदलली. रोज संध्याकाळी मी लॅबमध्ये काहीतरी मोडून ठेवायचो, बाहेरच्या खोलीत जायचो आणि फोन करायचो. ‘हॅलो, फौंड्रीतनं बोलतोय. टॅली उघडंना.’ बस, याहून जास्त काही सांगायचं नाही. विचारलं तरी अकाउंटंटसारखंच उत्तर द्यायचं. पहिल्या आठवड्यात त्यांचं उत्तर ठरलेलं: ‘सर, पिंग तर जातंय की ओ!’ पिंग म्हणजे नेटवर्कवरून त्या मशीनला मारलेली हाक. ती जातेय आयपीवर. नावावर करून बघितलंस का? तिथून नावाचा पत्ता कोण सांगतो याची चौकशी सुरू व्हायची, आणि नेहमीचा चोर सापडायचा: पीसीच्या डीएनएसमध्ये सर्व्हरच्या बरोबरीनं ८.८.८.८, म्हणजे गूगलचा डीएनएस, घातलेला.

हे ‘इंटरनेट स्लो आहे’ म्हणून घालतात आणि आमची पोरंही घालायची. गल्लीतल्या माणसाचा पत्ता दिल्लीच्या पोस्टात विचारण्यासारखं आहे ते. तिथला कारकून ‘असा कुणी नाही’ म्हणतो आणि पीसी ते खरं मानून गप्प बसतो. सर्व्हरनं उत्तर द्यायला जरा उशीर केला की पीसी दुसऱ्याकडं वळतो, म्हणून हे कधी चालतं, कधी नाही. पीसीला डीएनएस फक्त आपला डोमेन कंट्रोलर द्यायचा (डोमेन म्हणजे ऑफिसच्या पीसींचं आणि युजरांचं एकत्र कुटुंब, आणि त्यांची नोंद ठेवून लॉगइन तपासणारा सर्व्हर म्हणजे कंट्रोलर). बाहेरचं काय विचारायचं ते कंट्रोलर आपल्या फॉरवर्डरकडून, म्हणजे त्याला नेमून दिलेल्या बाहेरच्या डीएनएसकडून, विचारून घेईल. क्लासमध्ये हे वाक्य इंग्रजीत ऐकून चौघांनी मान डोलावली होती. मराठीत, पोस्टाच्या कारकुनासकट सांगितल्यावर कळलं. स्लाइड इंग्रजीच असू दे, पण समजावणारा आपल्या भाषेत बोलणारा हवा, हे मी यापुढं पैसे देताना बघणार.

काही आकडे पोरांना पाठ झाले ते फोनमुळंच. डोमेनच्या मूळ सेटिंगमध्ये पासवर्ड ४२ दिवसांनी संपतो. नवीन डोमेन करून आलात की त्रेचाळिसाव्या दिवशी सकाळी साडेनऊला फोन सुरू, सगळ्यांचे एकदम. ग्रुप पॉलिसी (सर्व्हरवरून सगळ्या पीसींना लावायचे नियम) बदलल्यावर ती पीसीवर पोचायला ९० मिनिटं आणि वर अर्ध्या तासापर्यंतचा फरक लागू शकतो. हे माहीत नसलं की पोरगं पाच मिनिटांत ‘चालत नाही’ म्हणून दुसरी पॉलिसी करतं, मग तिसरी, आणि दुपारी तिन्ही एकदम लागतात. साध्या युजरला दहाच पीसी डोमेनला जोडता येतात, अकराव्याला नकार मिळतो. हे आम्हाला एका मशीन शॉपमध्ये अकराव्या पीसीवर कळलं.

जानेवारीतला एक प्रसंग सांगतो. एका कारखान्यात जोडून सुट्टी आली, मधे लाइट गेली, यूपीएस संपला. सोमवारी कुणालाच लॉगइन होईना. आमचा एक जण गेला आणि तिघांचे पासवर्ड रिसेट केले. उपयोग शून्य. चौथ्याचा करणार तेवढ्यात सोबतच्याने सर्व्हरच्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यात बघितलं. तारीख काही वर्षं मागची. मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल मेला होता. हायपर-व्हीच्या मशीनची वेळ चुकली आणि आतल्या डोमेन कंट्रोलरनं तीच उचलली. केर्बेरॉस, म्हणजे डोमेनची लॉगइन तपासायची पद्धत, पाच मिनिटांहून जास्त फरक खपवून घेत नाही, इथं वर्षांचा होता. सेल बदलला, त्या व्हीएमचं हायपर-व्हीकडून वेळ घेणं बंद केलं, आणि पीडीसी एम्युलेटरला (ज्या कंट्रोलरची वेळ डोमेन प्रमाण मानतं त्याला) बाहेरचा एनटीपी, म्हणजे वेळ सांगणारा, सर्व्हर दिला. काही रुपयांच्या सेलनं अख्खं ऑफिस अडीच तास बसून होतं. वेळेचा धडा क्लासमध्ये झाला होता, एका स्लाइडवर.

आता ती इव्हॅल्युएशनची गोष्ट. चूक पूर्णपणे आमची. ऑक्टोबरमध्ये एका ठिकाणी नवीन सर्व्हर बसवला. लायसन्स गिऱ्हाइकानं रीतसर घेतलेलं. पण पोराच्या खिशात पेनड्राइव्ह होता लॅबचा, आणि त्याने तोच लावला. डोमेन कंट्रोलर केला, फाइल शेअर केले, सगळं झकास. मार्चमध्ये तिथल्या बाईंनी प्रिंटरच्या तक्रारीसाठी सर्व्हरच्या पडद्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. प्रिंटर राहिला बाजूला, मला खालच्या कोपऱ्यातली ओळ दिसली: लायसन्स आणखी ३१ दिवस वैध. पोटात गोळा आला. मुदत संपली की ही कॉपी दर तासाला आपोआप बंद होते. साध्या सर्व्हरला इव्हॅल्युएशनवरून खऱ्या लायसन्सवर नेता येतं, पण डोमेन कंट्रोलर झालेल्या मशीनला येत नाही.

मग सुट्टीच्या दिवशी चौघं आणि मी तिथं. एका पीसीवर योग्य कॉपी टाकून तो तात्पुरता दुसरा डोमेन कंट्रोलर केला. पाचही फिस्मो रोल (एका वेळी एकाच कंट्रोलरकडं असणारी खास कामं) त्याच्याकडं नेले. जुन्याला कंट्रोलरपदावरून उतरवलं, पुसला, नव्यानं टाकला, पुन्हा कंट्रोलर केला, तोच आयपी दिला आणि रोल परत आणले. डेटा डी ड्राइव्हवर होता. डोमेन तेच राहिल्यानं फोल्डरच्या परवानग्या जशाच्या तशा. शेअरची नावं मात्र रजिस्ट्रीत असतात; ती आधी काढून घ्यायचं सर्वांत धाकट्याला सुचलं, मला नाही. सकाळी नऊला सुरू केलं, रात्री साडेआठला संपलं. मधे त्यांनी आणलेला वडापाव. गिऱ्हाइकाला खरं काय ते सांगितलं, बिल लावलं नाही. या एका दिवसात पोरं जेवढं शिकली तेवढं क्लासच्या पाच दिवसांत नाही, पण म्हणून हा मार्ग कुणाला सुचवणार नाही. लॅबचे पेनड्राइव्ह आता लाल रंगाचे आहेत आणि ऑफिसबाहेर जात नाहीत.

बॅकअपच्या बाबतीत वाचनसाहित्य चांगलं आहे, आळशी आम्हीच होतो. विंडोज सर्व्हर बॅकअप लावता सगळ्यांना येतो. हिरवी खूण दिसली की समाधान. आता दर महिन्याला एक जण कुठल्यातरी गिऱ्हाइकाचा बॅकअप लॅबमध्ये खरोखर उभा करून दाखवतो. पहिल्याच खेपेला अडलो ते डीएसआरएमच्या, म्हणजे डोमेन कंट्रोलर दुरुस्तीसाठी उघडायच्या मोडच्या, पासवर्डवर. डोमेन कंट्रोलर करताना तो विचारला जातो, सगळे काहीतरी टाकून पुढं जातात आणि पुढच्या मिनिटाला विसरतात. डोमेन चालू असेपर्यंत तो एनटीडीएसयूटिल या कमांडनं बदलता येतो. डोमेन पडल्यावर आठवून काय करणार? आता तो बंद पाकिटात गिऱ्हाइकाच्या तिजोरीत असतो. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीचं (डोमेनच्या युजर-पीसींच्या नोंदवहीचं) रीसायकल बिनही तसंच, आपण चालू केल्याशिवाय चालू नसतं, आणि आधी उडवलेलं परत देत नाही. नवीन डोमेनवर ते पहिल्याच दिवशी चालू करा.

परीक्षांचं म्हणाल तर चौघांपैकी दोघांनी एझेड-८०० दिली, दोघं पास. हजारात सातशे लागतात. एझेड-८०१ अजून कुणी दिली नाही. दोन्ही झाल्याशिवाय सर्टिफिकेट नाही आणि ते दर वर्षी ऑनलाइन, फुकट, नूतनीकरण करावं लागतं. बायोडेटासाठी ठीक. आमच्या गिऱ्हाइकांपैकी आजवर एकानंही ते विचारलेलं नाही. पास झालेल्यांपैकी एक एप्रिलमध्ये पुण्याला, हिंजवडीला गेला. शिकवलं की पोरं जातात, हा खर्च हिशेबात धरा आणि त्याला शिव्या देऊ नका.

तुमची टीम दोनतीन जणांची असेल तर मी क्लासचे पैसे वाचवून आधी लॅब घ्या म्हणेन. वाचन फुकट आहे, मशीन एकदाच घ्यायचं आहे. फक्त मोडून ठेवणारा आणि फोन करणारा कुणीतरी हवा, नाहीतर तीही लॅब कॉन्टोसोच होते. गिऱ्हाइकांची अ‍ॅझ्युअरवर ये-जा असेल तर मात्र क्लास घ्या, तो भाग आम्ही वाया घालवला असला तरी वाईट नव्हता. मला विचाराल तर क्लासला दहापैकी पाच, लॅबला नऊ. एक गुण कापला तो पंख्याच्या आवाजासाठी. त्या वर्कस्टेशनशेजारी बसून फोनवर बोलता येत नाही.

सर्व्हर २०१६ चा मायक्रोसॉफ्टकडचा सपोर्ट १२ जानेवारी २०२७ ला संपतोय. आमच्या यादीत तसे सहा आहेत, आणि पहिला मे महिन्यात धाकट्याच्या हाती दिलाय. काल त्यानं विचारलं, ‘सर, शेअरची नावं आधी काढून घेऊ न्हवं?’