फुगलेली भिंत आणि गोशेनजवळचं वर्कशॉप

आमच्या कॅम्पिंग ट्रेलरची, म्हणजे गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घराची, फुगलेली भिंत एका वर्कशॉपमध्ये दुरुस्त करून घेतली, त्याबद्दल हे. आधी निकाल सांगते. काम उत्तम, दर वाजवी, नंबर लागायला वेळ लागतो, आणि तपासणी इतकी नेटकी की तिच्यासाठी वेगळे पैसे मोजायला मी पुन्हा तयार आहे. वर्कशॉप इंडियानात आहे, एल्कहार्ट काउंटीत, गोशेन आणि मिडलबरीच्या मधे. आम्ही शिकागोजवळ नेपरव्हिलला राहतो. टोल रोडने ट्रेलर ओढत अडीच-तीन तास लागतात. तिथलं घड्याळ शिकागोच्या एक तास पुढे असतं, हे वेळ ठरवताना ध्यानात ठेवा.

मुद्दाम मराठीत लिहितेय. २०२० आणि २०२१ मध्ये आपल्या ओळखीतल्या कितीतरी घरांनी ट्रेलर घेतले. एकट्या २०२१ मध्ये कारखान्यांतून ६ लाखांहून जास्त आरव्ही (असे ट्रेलर आणि राहण्याच्या मोटारगाड्या) बाहेर पडल्या होत्या. त्या गाड्यांचे सांधे आता उघडायला लागलेत, आणि "भिंतीला फुगा आलाय, काय करू?" हा प्रश्न मला वरचेवर येतो. प्रत्येकाला फोनवर सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहून ठेवते.

आमचा ट्रेलर २०१७ सालचा, २६ फुटी, सेकंडहँड घेतलेला. भिंती लॅमिनेटेड. म्हणजे बाहेर फायबरग्लासचा पातळ पत्रा, त्यामागे जेमतेम तीन मिलिमीटरचं लुआन प्लायवूड, मग अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीत बसवलेले थर्माकोलचे ठोकळे, आणि आत पुन्हा प्लायवूडवर चिकटवलेला वॉलपेपर. या सगळ्याला धरून ठेवतो तो फक्त गोंद. खिळा नाही, स्क्रू नाही. त्यामुळे भिंत हलकी होते, दिसायला गुळगुळीत होते, आणि पाणी शिरलं की आतून सुटते.

फुगा डाव्या बाजूला पुढे, बेडरूमच्या खिडकीखाली आला होता. आधी तळहाताएवढा होता, हिवाळा सरल्यावर वाढला. दोन ठिकाणी दाखवला. एका डीलरने दुरूनच पाहून "खिडकी गळतेय, पूर्ण भिंत बदलावी लागेल" म्हणून ९,४०० डॉलरचा आकडा दिला. मीटर लावला नाही, भिंतीला हातसुद्धा लावला नाही. दुसऱ्याने ६०० डॉलरात बाहेरून भोकं पाडून गोंद भरून देतो म्हणून सांगितलं. या दोन आकड्यांमध्ये इतकं अंतर का, हे दोघांपैकी कुणालाच सांगता आलं नाही. माझे बाबा ठाण्यात वॉटरप्रूफिंगची कामं घ्यायचे. चौथ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये ओल दिसली तर ते आधी गच्चीवर जात, हॉलमध्ये नंतर. त्यांच्या हाताखाली वाढल्यामुळे असेल, पण पाणी कुठून येतंय ते न शोधता दिलेला आकडा मला पटत नाही.

या वर्कशॉपचे मालक साठीच्या पुढचे आहेत. कित्येक वर्षं त्यांनी तिथल्याच कारखान्यात लॅमिनेशनच्या लाइनवर काम केलंय. एल्कहार्टच्या आसपास अशी माणसं भेटतात, कारण देशातल्या बहुतेक आरव्ही याच भागात बनतात. ज्या हातांनी भिंती चिकटवल्या, त्याच हातांकडे त्या सुटल्यावर न्यायला मिळतात, हा या गावाचा मोठा फायदा. हिशेब आणि फोन त्यांची मुलगी सांभाळते.

तपासणीचे १८० डॉलर. ते नंतर बिलातून वजा होत नाहीत, आणि मला हे योग्य वाटतं. दुरुस्ती दुसरीकडे करायची ठरवली तरी निदान तुमच्या हातात असतं.

त्यांनी ट्रेलर शेडमध्ये घेऊन दारं लावली, दिवे बंद केले आणि टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून आडवा उजेड मारला. उन्हात जे दिसत नव्हतं ते सगळं सावल्यांनी उठून दिसलं. ज्याला आम्ही खिडकीखालचा फुगा समजत होतो तो पुढच्या कोपऱ्यापर्यंत गेलेला होता, पाचेक फूट लांब आणि खाली पार तळाच्या पट्टीपर्यंत. मग स्क्रूड्रायव्हरच्या प्लॅस्टिकच्या मुठीने ठोकत गेले. चिकटलेल्या जागी आवाज टणक येतो, सुटलेल्या जागी बद्द. जिथे आवाज बदलेल तिथे मास्किंग टेपचा तुकडा. दहा मिनिटांत भिंतीवर सुटलेल्या भागाचा नकाशाच तयार झाला. ही दोन कामं कुणालाही घरी करता येतील. सेकंडहँड ट्रेलर बघायला जाल तेव्हा संध्याकाळी जा, टॉर्च घेऊन जा, आणि पुढचे दोन कोपरे ठोकून बघितल्याशिवाय पैशांचं बोलू नका.

त्यानंतर ओल मोजणारा मॉइश्चर मीटर. बिनटोकाचा मीटर बाहेरून फिरवला, पण अ‍ॅल्युमिनियमची चौकट आली की तो उगाच उसळतो, म्हणून त्यावर विसंबायचं नाही, असं त्यांनी आधीच सांगितलं. खरे आकडे टोचणाऱ्या मीटरचे, आणि तो त्यांनी आतून टोचला, पलंगाखालच्या कपाटात, जिथे भोकं दिसणार नाहीत. धड भिंतीत ९ ते ११ टक्के. खिडकीच्या बरोबर खाली १४. पुढच्या खालच्या कोपऱ्यात ३० च्या वर. म्हणजे जिथे डीलरने बोट ठेवलं होतं ती जागा त्यामानाने कोरडी होती. ओल कोपऱ्यात होती आणि तिथून वर जाणारा अरुंद पट्टा थेट छपराजवळच्या पुढच्या क्लिअरन्स लाइटपर्यंत (अंधारात गाडीची कड दाखवणारा छोटा दिवा) पोचत होता.

तरीही ते एवढ्यावर थांबले नाहीत. छपरावरच्या पंख्याच्या झरोक्यात ब्लोअर बसवला, बाकीचे झरोके टेपने बंद केले, आणि ट्रेलरमध्ये हवेचा हलका दाब तयार केला. मग बाहेरून सांध्यांवर साबणाचं पाणी फवारलं. हवा जिथून बाहेर येते तिथूनच पाणी आत जातं, हा साधा हिशेब. कोपऱ्याच्या पट्टीवर, दिव्याच्या लगत, फेस उसळला. ॲनिंगच्या (बाहेर उघडणाऱ्या कापडी छताच्या) वरच्या ब्रॅकेटच्या एका स्क्रूभोवतीही बुडबुडे आले, ज्याची कुणाला शंकाही नव्हती. खिडकीभोवती एकही नाही. मी उभी राहून हे बघत होते आणि मला बाबांची फार आठवण झाली.

कोपऱ्याच्या अ‍ॅल्युमिनियम पट्टीतली व्हिनाइलची फीत त्यांनी माझ्यासमोर उपसली. ती आखडून दोन्ही टोकांना आखूड पडली होती. आतले स्क्रू गंजलेले, आणि पट्टीमागची पुटी वाळून भुगा झालेली. आधीच्या मालकाने वरून सिलिकॉन फासला होता. सिलिकॉनवर पुढे दुसरं कुठलंही सीलंट धरत नाही, म्हणून तो पूर्ण खरवडून काढावा लागतो, आणि त्या खरवडण्याचीच मजुरी वाढते.

आता त्या ६०० आणि ९,४०० बद्दल. फुगा दोन प्रकारचा असतो. कोरडा फुगा नुसत्या गोंदाने दगा दिल्याचा. वर्षानुवर्षं एकच बाजू उन्हात राहिली, किंवा मुळात गोंद नीट लागलाच नव्हता, तर पत्रा सुटतो, पण मागचं प्लायवूड धड असतं. तिथे आत गोंद सोडून दाबून धरलं तर काम होतं. ओला फुगा वेगळा. त्यात लुआनचे स्वतःचेच पापुद्रे एकमेकांपासून सुटतात. त्यात गोंद भरला तर एक कुजका पापुद्रा दुसऱ्या कुजक्या पापुद्र्याला चिकटतो, बस. दोन-तीन उन्हाळ्यांत फुगा परत, आणि आता आत कडक झालेल्या गोंदाच्या गाठी, म्हणजे पुढची दुरुस्तीही अवघड. आमचा फुगा ओला होता, म्हणून ६०० वाया गेले असते. पण अ‍ॅल्युमिनियमची चौकट आणि खालच्या फरशीची कड शाबूत होती (त्यांनी टोच्याने टोचून बघितली), म्हणून ९,४०० चीही गरज नव्हती.

दुरुस्ती अशी झाली. कोपऱ्याची पट्टी आणि खिडकी काढली. पत्रा न कापता पुढच्या कडेपासून हळूहळू सोडवत, जिथे पक्की पकड लागली तिथवर मागे घेतला. कुजलेलं लुआन खरवडून काढलं. थर्माकोल कुजत नाही, तो बहुतेक तसाच राहिला, फक्त तळाचा एक तुकडा बदलला. मग पंखे आणि डीह्युमिडिफायर लावून मीटर १२ च्या खाली येईपर्यंत वाट पाहिली. या टप्प्यावर मी फोन करून विचारलं, अजून किती दिवस? मुलीने सरळ सांगितलं की तारीख देता येणार नाही, मीटर सांगेल तेव्हा. त्या उत्तराने माझा विश्वास वाढला.

नवीन अस्तर लाकडाचं नाही. अ‍ॅझडेलचं आहे, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन आणि काचतंतूंचं शीट, जे पाणी पीत नाही आणि कुजत नाही. जुन्या लुआनच्या जाडीशी जुळणारं घेतलं, नाहीतर सांध्याची रेघ बाहेरून दिसते. गोंद म्हणून सावकाश वाळणारा दोन भागांचा इपॉक्सी. कॉन्टॅक्ट सिमेंट नावाचा झटपट गोंद का नको, हेही त्यांनी सांगितलं. ते टेकताक्षणी धरतं, पत्रा एवढासा तिरका बसला तरी सरकवता येत नाही, शिवाय तापलेल्या भिंतीत ते मऊ पडू शकतं. पत्र्यावर प्लॅस्टिकचा कागद, त्यावर जाड प्लायवूड, आणि शेडच्या भिंतीपासून लाकडी टेकू देऊन सगळीकडे सारखा दाब. दाब एकाच ठिकाणी जास्त पडला तर फुग्याच्या जागी खड्डा येतो.

शेवटी सांधे, आणि माझ्या मते खरं काम इथेच. पट्टीमागे नवीन ब्यूटाइल टेप (चिकट रबरी पट्टी), स्टेनलेसचे एक नंबर जाड स्क्रू, नवीन व्हिनाइल. छपराच्या आडव्या भागावर डायकोर कंपनीचं आपोआप पसरणारं लॅप सीलंट. उभ्या भिंतीवर तेच लावलं तर ओघळतं, तिथे न ओघळणारा प्रकार. क्लिअरन्स लाइट तीन बाजूंनी सील केला आणि खालची बाजू मोकळी ठेवली, म्हणजे चुकून पाणी शिरलंच तर बाहेर पडायला वाट राहील. ॲनिंगच्या त्या स्क्रूचंही काम करून दिलं. एकूण बिल ३,१५० डॉलर.

इन्शुरन्सचा दावा नामंजूर झाला. अशा पॉलिसींमध्ये सावकाश झिरपलेल्या पाण्याचं नुकसान बहुतेक वगळलेलंच असतं, तेव्हा त्या भरवशावर कुणी राहू नये. छपरावर चढून सांधे बघण्याचं काम आपलंच आहे. बऱ्याच कंपन्यांच्या पुस्तिकेत दर ९० दिवसांनी बघा असं लिहिलेलं असतं, आणि ते जादा वाटलं तरी बरोबर आहे.

आता उणीव. ईमेलला उत्तर मिळत नाही, फोनच करावा लागतो. उन्हाळ्यात विचारलं तर नंबर शरदात लागतो. कामाचे फोटो मागितल्याशिवाय पाठवत नाहीत. पत्र्यावरचा रंगीत पट्टा नवीन लावावा लागला आणि तो बाजूच्या विटलेल्या पट्ट्यापेक्षा उघड उठून दिसतो. तिरप्या उन्हात खिडकीच्या पुढे किंचित लहर दिसते, पण ती राहणार हे त्यांनी आधीच लेखी दिलं होतं. हमी एक वर्षाची, गळतीवर, दिसण्यावर नाही. ज्यांना भिंत शोरूमसारखी हवी त्यांनी पूर्ण पॅनेल बदलावं आणि तेवढे पैसे ठेवावेत. मला कोरडी भिंत हवी होती. हिवाळा आणि पावसाळी वसंत दोन्ही काढून झाल्यावर परवा त्याच कपाटात मीटर टोचला. आकडा १०.

तुमचा ट्रेलर पन्हाळीदार अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर त्याला असा फुगा येत नाही. तिथे पत्र्यामागची लाकडी चौकट गुपचूप कुजते, आणि तेही काम हे लोक करतात. रिव्हेट मारलेल्या एअरस्ट्रीम कंपनीच्या ट्रेलरचं काम मात्र घेत नाहीत.

ट्रेलर सोडायला जाणार असाल तर मुलांना एल्कहार्टच्या आरव्ही संग्रहालयात न्या. टोल रोडलगतच आहे, आणि तिथला १९१३ सालचा अर्ल ट्रेलर बघण्यासारखा आहे. गोशेनच्या पुढे रस्त्यावर मोटारी न चालवणाऱ्या आमिश पंथाच्या लोकांच्या घोडागाड्या असतात, ट्रेलर मागे असताना वेग कमी ठेवा. आणि निघण्याआधी फुगलेल्या भिंतीकडची कपाटं रिकामी करा, पाण्याच्या टाक्या उपसा, आणि कामाचे फोटो हवेत हे मालकांच्या मुलीला पहिल्याच फोनवर सांगा.