सँड प्लांटवर एस७-१२००: पावसाळा, दिवाळी आणि उन्हाळा काढल्यानंतरचा अनुभव

कोल्हापूरच्या एका फौंड्रीत मी मेंटेनन्स बघतो. ग्रीन सँडच्या (साचे बनवायच्या ओलसर वाळूच्या) प्लांटचं जुनं रिले पॅनेल काढून आम्ही सिमेन्सचा एस७-१२०० हा पीएलसी, म्हणजे प्रोग्रॅमवर मशीन चालवणारा कंट्रोलर, बसवला. सीपीयू १२१४सी, डीसी/डीसी/डीसी प्रकारातला (सप्लाय, इनपुट आणि आउटपुट तिन्ही डीसी, आउटपुट ट्रान्झिस्टरचे). सोबत इनपुट-आउटपुटची मोड्यूल्स, एक ॲनालॉग मोड्यूल आणि ७ इंची एचएमआय (ऑपरेटरची स्क्रीन). आता या कंट्रोलरची जी२ नावाची नवी पिढीही आली आहे, पण मी लिहितोय ते आधीच्या, फर्मवेअर ४ च्या पिढीबद्दल. सध्या कारखान्यांमधून चालू असलेले बरेचसे नग याच पिढीतले आहेत.

एवढ्या महिन्यांत कंट्रोलर स्वतः एकदाही बिघडला नाही. प्लांट मात्र अनेकदा थांबला, आणि जवळपास दर वेळी कारण पॅनेलच्या बाहेर सापडलं: लिमिट स्विच, प्रॉक्सी (धातू जवळ आला की सिग्नल देणारा सेन्सर), केबल, ग्लँड (केबल आत शिरते तिथली पकड), सोलेनॉइड (व्हॉल्व्ह उघडणारी कॉइल). फौंड्रीची वाळू आणि कोलडस्ट जिथे शिरू नये तिथे शिरतेच. त्यामुळे पीएलसी किती फास्ट आहे याला माझ्या लेखी फार किंमत नाही. प्लांट थांबला की तो कशासाठी थांबला हे रात्रपाळीच्या माणसाला किती लवकर कळतं, हे मी आधी बघतो. आणि ते कंट्रोलरपेक्षा त्यातल्या प्रोग्रॅमवर जास्त अवलंबून असतं.

आधी खरेदीबद्दल थोडं. १२१४सी मध्ये १४ डिजिटल इनपुट, १० आउटपुट आणि २ ॲनालॉग इनपुट मिळतात. रिले आउटपुटवाला घ्यायचा की ट्रान्झिस्टरवाला, हा प्रश्न हमखास येतो. रिलेवाला २ ॲम्पिअर देतो, ट्रान्झिस्टरवाला ०.५, म्हणून लोकांचा कल रिलेकडे असतो. पण पूर्ण रेटेड लोडवर रिलेच्या काँटॅक्टचं आयुष्य १ लाख ऑपरेशन दिलेलं आहे. दर १० सेकंदांनी चालू-बंद होणारं आउटपुट दिवसाला ८,६४० वेळा चालतं. हिशेब तुम्हीच करा. हॉपरच्या गेटचे सोलेनॉइड, व्हायब्रेटर असं सतत टकटक करणारं काम असेल तर ट्रान्झिस्टर आउटपुट घ्या, आणि मोठा लोड बाहेरच्या रिलेवर किंवा काँटॅक्टरवर टाका. डीसी सोलेनॉइडच्या कॉइलवर उलटा डायोड आणि एसी काँटॅक्टरच्या कॉइलवर आरसी स्नबर लावल्याशिवाय पॅनेल पास करू नका.

ॲनालॉगमध्ये एक गोष्ट ऑर्डर देण्याआधीच बघून ठेवा. सीपीयूवरचे दोन्ही ॲनालॉग इनपुट फक्त ० ते १० व्होल्टचे आहेत. ट्रान्समीटर ४–२० मिलिॲम्पिअरचा असेल तर वेगळं मोड्यूल लागतं. ५०० ओहमचा चांगला रेझिस्टर लावून २ ते १० व्होल्ट करूनही काम भागतं, आणि मग सीपीयूमध्ये आकडा साधारण ५५३० ते २७६४८ असा दिसतो. आकडा ५५३० च्या बराच खाली गेला म्हणजे वायर तुटली, असा अलार्म प्रोग्रॅममध्ये टाकून ठेवावा. तो नसेल तर तुटलेली वायर आणि रिकामा हॉपर यांत ऑपरेटरला काहीच फरक दिसत नाही.

आता इनपुट फिल्टर. मिक्सरमध्ये पाणी मोजून घालण्यासाठी आमच्याकडे पल्स देणारा फ्लोमीटर आहे, लिटरला १०० पल्स. तो सीपीयूच्या हायस्पीड काउंटरला, म्हणजे वेगाने येणारे पल्स मोजणाऱ्या भागाला, जोडलेला आहे. सुरुवातीला पाणी कधी बरोबर पडायचं, कधी वाळू चिकट होऊन साच्याला धरायची. व्हॉल्व्ह अर्धा उघडला की मोजमाप बरोबर, पूर्ण उघडला की चुकीचं. मीटर बदलून झाला, केबल बदलून झाली, शील्डचं अर्थिंग तपासून झालं. कारण निघालं ते सीपीयूच्या प्रॉपर्टीजमध्ये: इनपुटचा फिल्टर, म्हणजे फार छोटे सिग्नल गाळणारी सेटिंग, मूळच्या ६.४ मिलिसेकंदांवरच होता. पल्स ६.४ मिलिसेकंद चालू आणि ६.४ मिलिसेकंद बंद राहिला तरच सीपीयू तो धरतो, म्हणजे सेकंदाला जेमतेम ७८ पल्स. सेकंदाला एक लिटर पाणी वाहायला लागलं की १०० पल्स येतात आणि काउंटर ते गाळायला लागतो. मोजणी कमी भरते, म्हणून व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो आणि पाणी जास्त पडतं. फिल्टर ०.८ मिलिसेकंदांवर आणला तेव्हा ६२५ हर्ट्झपर्यंत जागा झाली आणि वाळूची तक्रार संपली. हायस्पीड काउंटर निवडला म्हणून फिल्टर आपोआप कमी होत नाही, तो हातानेच बदलावा लागतो. नवीन माणसाला मी सगळ्यात आधी हेच दाखवतो.

दोन वायरच्या प्रॉक्सीबद्दलही असंच. हा इनपुट १५ व्होल्टच्या वर ‘एक’ धरतो आणि ५ व्होल्ट, १ मिलिॲम्पिअरपर्यंत ‘शून्य’. दोन वायरचा प्रॉक्सी बंद असतानाही त्यातून थोडा करंट गळतो. स्वस्तातला असेल तर तो या मर्यादेच्या काठावर जातो, मग इनपुटची एलईडी मिणमिणत राहते. आम्ही महत्त्वाच्या जागी तीन वायरचे पीएनपी प्रॉक्सीच लावतो.

प्रोग्रॅमवर आता सविस्तर लिहितो, कारण खरी मेहनत तिथेच आहे.

प्लांटचा क्रम आम्ही स्टेप नंबरवर बांधला. १० म्हणजे तयार, २० वाळू घेणे, ३० बेंटोनाईट आणि कोलडस्ट, ४० पाणी, ५० मिक्सिंग, ६० दार उघडून खाली करणे. मधे जागा ठेवल्यामुळे पुढे एखादी पायरी वाढवायची झाली तरी बाकीचे नंबर हलत नाहीत. एका पायरीतून पुढच्या पायरीत जाण्याच्या अटी एकाच ठिकाणी लिहिल्या, आणि आउटपुट दुसऱ्या ब्लॉकमध्ये, प्रत्येक आउटपुट प्रोग्रॅमभर एकदाच. एकच आउटपुट दोन नेटवर्कमध्ये (प्रोग्रॅमच्या दोन तुकड्यांत) लिहिलं की शेवटचं नेटवर्क जिंकतं आणि आधीचं निमूटपणे हरतं. ऑनलाइन बघणाऱ्याला पहिल्या नेटवर्कमध्ये हिरवी रेघ आउटपुटपर्यंत गेलेली दिसते, पण सोलेनॉइड उचलत नाही. अशा वेळी टर्मिनल पिळत बसण्याआधी त्या आउटपुटचा क्रॉस रेफरन्स, म्हणजे ते प्रोग्रॅममध्ये कुठेकुठे वापरलंय याची यादी, काढावा.

एचएमआयवर प्रत्येक पायरीसमोर मराठीत एक ओळ येते: ‘दार बंद झाल्याचा सिग्नल येण्याची वाट बघत आहे’, ‘बेल्ट २ फिरत नाही’. हे करायला वेळ लागला, पण आता रात्री फोन येतो तेव्हा ऑपरेटर ‘साहेब, प्लांट बंद पडलाय’ म्हणत नाही. ‘साहेब, चाळीसवर थांबलाय, पाण्याचा व्हॉल्व्ह उघडल्याचं मिळत नाही’ असं म्हणतो. निम्मं काम फोनवरच होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे पहिलं कारण पकडून ठेवणं. एक इंटरलॉक (मशीन चालायला पूर्ण असावी लागणारी अट) सुटला की त्याच्या पाठोपाठ दहा सुटतात आणि स्क्रीनवर अलार्मची रांग लागते. म्हणून प्रत्येक इंटरलॉकला एक नंबर दिला. ‘पहिलं कारण’ नावाच्या मेमरीतल्या जागेत शून्य असेल तरच सुटलेल्या इंटरलॉकचा नंबर त्यात जातो. एकदा नंबर बसला की रीसेट करेपर्यंत दुसरा कोणी तिथे लिहू शकत नाही. एवढीच युक्ती, इंटरलॉकमागे एक नेटवर्क.

तिचा खरा उपयोग पावसाळ्यात झाला. मिक्सर मधेच ट्रिप व्हायचा, आणि माणूस पॅनेलपाशी पोहोचेपर्यंत सगळे सिग्नल ठीक. वायरमनने मोटर, ओव्हरलोड, काँटॅक्टर सगळं बघितलं. पहिल्या कारणात मात्र दर वेळी १७ यायचा, दार बंद असल्याचा लिमिट स्विच. स्विच चांगला होता. केबल वरून धड दिसत होती. ग्लँडपाशी, जिथे दाराबरोबर केबल वाकते, तिथली एकेक कोर बोटांनी हलकेच ओढून बघितली, तर एक कोर रबरासारखी ताणली गेली. आतली तांब्याची तार तुटलेली, इन्सुलेशन तेवढं शाबूत. मिक्सर थरथरला की टोकं क्षणभर सुटायची. तो नंबर नसता तर आम्ही मोटर उतरवली असती.

छोट्या गोष्टी, पण डोकं खाणाऱ्या. एज (सिग्नल बदलण्याचा क्षण) पकडण्यासाठी वापरलेली मेमरी बिट दुसरीकडे वापरू नका, आणि त्या कामाला टेम्प (तात्पुरतं) व्हेरिएबल तर अजिबात वापरू नका. सिस्टीम आणि क्लॉक बिट चालू केल्या की मूळ सेटिंगमध्ये एमबी१ आणि एमबी० त्यांनी व्यापलेले असतात. तिथे आपल्या बिट टाकल्या की त्या आपोआप लुकलुकायला लागतात. डेटा ब्लॉकची रचना बदलून डाउनलोड करताना ‘रीइनिशिअलाइज’ असा इशारा आला तर थांबा, नाहीतर रेसिपीचे आकडे मूळ किमतीवर जातात. आधी चालू आकड्यांचा स्नॅपशॉट घ्या आणि तो स्टार्ट व्हॅल्यूमध्ये कॉपी करा, मगच पुढे जा.

फोर्सबद्दल मी कडक आहे. फोर्स टेबलमधून एखादा इनपुट फोर्स केला, म्हणजे खरा सिग्नल काहीही असो, त्याची किंमत जबरदस्तीने ठरवली, आणि लॅपटॉप बंद करून घरी गेलात, तरी फोर्स सीपीयूमध्ये तसाच राहतो. आमच्याकडे पॅनेलच्या दाराला वही टांगली आहे: कोणता पत्ता, कोणी, किती वाजता, कधी काढला. मिक्सरच्या दाराचा, पुल कॉर्डचा (ओढली की बेल्ट थांबवणाऱ्या दोरीचा) किंवा इमर्जन्सी स्टॉपचा सिग्नल कोणीही फोर्स करायचा नाही, उत्पादन कितीही अडलं तरी. साधा १२१४सी हा सेफ्टी कंट्रोलर नाही. इमर्जन्सी स्टॉप सेफ्टी रिलेमधून थेट पॉवर तोडणाराच हवा. आणि मिक्सर साफ करायला माणूस आत उतरणार असेल तर आयसोलेटर बंद, त्याला कुलूप, आणि किल्ली आत उतरणाऱ्याच्याच खिशात. स्क्रीनवर ‘बंद’ दिसतंय यावर कोणाचा जीव टाकू नका.

बिघाड शोधताना डायग्नोस्टिक बफर, म्हणजे सीपीयूने ठेवलेली घटनांची नोंदवही, आधी उघडा. त्यात शेवटच्या ५० नोंदी वेळेसकट मिळतात, आणि वेब सर्व्हर चालू केला असेल तर टीआयए पोर्टल (सिमेन्सचं प्रोग्रॅमिंगचं सॉफ्टवेअर) नसलेल्या लॅपटॉपच्या ब्राउझरवरही त्या वाचता येतात. फक्त घड्याळ बरोबर हवं. त्याला बॅटरी नाही, सप्लाय बंद असताना ते कपॅसिटरवर साधारण २० दिवस चालतं, उन्हाळ्यात त्याहून कमी. आमच्या दिवाळीच्या सुट्टीला ते पुरलं. रिटेन केलेला (सप्लाय गेला तरी जपून ठेवायला सांगितलेला) डेटा मात्र सप्लाय किती दिवस बंद आहे यावर अवलंबून नसतो.

सॉफ्टवेअरबद्दल सांगायचं तर टीआयए पोर्टलला १६ जीबी रॅम आणि एसएसडी द्याच. शिकणाऱ्यांसाठी २१ दिवसांची ट्रायल मिळते, आणि फर्मवेअर ४ च्या सीपीयूसाठी पीएलसीसिम हा सिम्युलेटर चालतो, त्यामुळे हार्डवेअर नसतानाही सराव होतो. प्रोजेक्ट नव्या आवृत्तीत अपग्रेड केला की जुन्या आवृत्तीत तो उघडत नाही, म्हणून अपग्रेडच्या आधी जुनी प्रत वेगळी ठेवा.

ज्याच्याकडून मशीन घ्याल त्याच्याकडून प्रोजेक्टची फाइल, सगळे पासवर्ड आणि इनपुट-आउटपुटची यादी शेवटचं बिल देण्याआधी हातात घ्या, आणि तसं ऑर्डरमध्येच लिहा. आमच्या दुसऱ्या एका मशीनच्या पुरवठादाराने ब्लॉक कुलूपबंद करून दिले आहेत. तिथे एक टायमर बदलायचा तरी त्यांच्या माणसाची वाट बघावी लागते. सँड प्लांटची फाइल आमच्याकडे तीन ठिकाणी आहे, आणि प्रोग्रॅम भरलेलं एक सिमॅटिक मेमरी कार्ड स्टोअरमध्ये, स्पेअर सीपीयूच्या डब्यात, टेप लावून ठेवलेलं आहे. त्या कार्डावर लिहिलंय: विंडोजमध्ये फॉरमॅट करू नये.