प्रोस्टेटचं ऑपरेशन ठरण्याआधी: पार्टिन तक्ते, एमआरआय की पीएसएमए पेट?

बायोप्सीत कॅन्सर निघाला की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, तो ग्रंथीबाहेर गेलाय का? याचं उत्तर शोधायला तीन साधनं आहेत. ती एकमेकांना पर्याय आहेत असं समजून अनेकजण थेट सगळ्यात महागडं निवडतात, पण तिघांचं काम वेगवेगळं आहे.

पार्टिन तक्त्यांना खर्च नाही. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये ते तयार झाले; १९९३ पासून वापरात आहेत आणि वेळोवेळी सुधारलेही गेले. पीएसए (प्रोस्टेटमधल्या प्रथिनाचं रक्तातलं प्रमाण), ग्लीसन स्कोअर (बायोप्सीत कॅन्सर किती आक्रमक दिसतो त्याचा आकडा) आणि बोटाने केलेल्या तपासणीतला टप्पा, एवढ्यावर कॅन्सर ग्रंथीतच असण्याची, कवचाबाहेर, वीर्यकोशात किंवा लसिका गाठींत (लिम्फ नोड) गेल्याची शक्यता टक्क्यांत मिळते. हे टक्के तुमच्यासारखेच आकडे असलेल्या, आधी ऑपरेशन झालेल्या रुग्णांचे असतात. तुमच्या शरीरात कुणी डोकावलेलं नसतं. एक गोष्ट हमखास राहून जाते. लघवीच्या त्रासासाठी फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड काही महिने चालू असेल तर पीएसए साधारण निम्मा दिसतो. डॉक्टरांना ते सांगितलं नाही, तर तक्ता खोटा दिलासा देईल.

एमआरआयचं खरं मोल सर्जनला. गाठ कवचाला कुठे टेकली आहे हे कळलं, तर लिंगाच्या ताठरतेच्या नसा कोणत्या बाजूला वाचवता येतील ते ठरवता येतं. मात्र कवचाबाहेरचा सूक्ष्म प्रसार त्याच्या नजरेतून बऱ्याचदा सुटतो. बायोप्सीनंतर लगेच केला तर आत साकळलेलं रक्तही गोंधळ घालतं, म्हणून शक्यतो बायोप्सीआधीच करावा.

दूरचं बघायला पीएसएमए पेट, म्हणजे प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशी अंगभर शोधणारा स्कॅन, सरस, यात वाद नाही. ऑस्ट्रेलियात ३०२ जास्त जोखमीच्या रुग्णांवर झालेल्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याची अचूकता ९२ टक्के होती, सीटी आणि बोन स्कॅन मिळून ६५. किरणोत्सर्गही निम्म्याहून कमी. तरीही ‘पेट क्लिअर आहे’ ऐकून निर्धास्त होऊ नका. ऑपरेशनमध्ये काढलेल्या लसिका गाठी तपासून पडताळलं, तेव्हा ज्यांच्या लसिका गाठींत कॅन्सर होता त्यांच्यापैकी जेमतेम ४० टक्क्यांचा प्रसार पेटला दिसला होता. काही मिलिमीटरचा ठिपका त्याला दिसत नाही. म्हणून पेट स्वच्छ असूनही सर्जन लसिका गाठी काढायच्या म्हणाला, तर तो उगाच वाढवतोय असं नाही. तो तक्त्यातल्या टक्क्यांकडेही बघत असतो.

माझं मत विचाराल तर पीएसए दहाच्या आत, ग्लीसन सहा आणि बोटाला फारसं काही न लागणं, अशा वेळी पेटवर पैसे घालवू नयेत. तिथे ऑपरेशन तरी आत्ता हवंय का, नुसती देखरेख चालेल का, हेच आधी विचारावं. ग्लीसन आठ किंवा पुढे, नाहीतर पीएसए वीसच्या वर असेल, तर पेट आधी करा. हाडात काही दिसलं तर ऑपरेशनचा बेतच बदलू शकतो. मधल्या गटात, ग्लीसन सातवाल्यांत, एमआरआय हवाच. पेट हवा का, हे ते सात ३+४ आहेत की ४+३ (हे जास्त आक्रमक) यावर बरंचसं ठरतं. रिपोर्टमध्ये ती बेरीज सुटी करून लिहिलेली असते.