४२९४९६७२९७ या संख्येवर पारखलेला कॅल्क्युलेटर

चाळीसगावातील माझ्या नववी-दहावीच्या शिकवणीसाठी गेल्या महिन्यात जळगावहून एक सायंटिफिक कॅल्क्युलेटर आणला. साइन, लॉग, वर्गमूळ ही कामे असले कोणतेही यंत्र करते. हा घेतला तो मूळ अवयव पाडण्याच्या सोयीसाठी, आणि पारखण्यासाठी त्याला मी माझी सर्वांत आवडती संख्या दिली.

ही संख्या म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. २ चा १, २, ४, ८ आणि १६ वा घात घेऊन त्यात १ मिळवला, की येणाऱ्या ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७ या संख्या मूळ आहेत, म्हणून घातांक असाच दुप्पट करत गेल्यास पुढच्याही साऱ्या मूळच असणार, अशी गणितज्ञ फर्मा यांची धारणा होती. १७३२ मध्ये गणितज्ञ ऑयलर यांनी ४२९४९६७२९७ ला ६४१ ने निःशेष भाग जातो हे दाखवले. ६४१ म्हणजे ५ गुणिले १२८ अधिक १, आणि तीच संख्या ६२५ अधिक १६, म्हणजे ५ आणि २ यांच्या चौथ्या घातांची बेरीज. एवढ्या दोन ओळींवरून प्रत्यक्ष भागाकार न करता हे सिद्ध होते, आणि फळ्यावर ते मांडताना मला दर वेळी तितकाच आनंद होतो.

संख्या बरोबर दहा अंकी असल्याने पडद्यावर नेमकी मावली आणि क्षणात उत्तर आले: ६४१×(६७००४१७). ‘सर, हा कंस कशाला?’ असे एका मुलीने लगेच विचारले. हे यंत्र तीन अंकांपर्यंतच्याच मूळ संख्यांनी भागून पाहते. उरलेली संख्या १००९ च्या वर्गापेक्षा, म्हणजे १०१८०८१ पेक्षा मोठी असेल, तर ती मूळ असल्याची खात्री त्याला देता येत नाही, म्हणून ते तिला कंसात ठेवते. जे तपासले नाही ते तपासले असे न भासवणारा हा कंस मला या यंत्राचा सर्वांत मोठा गुण वाटतो.

पुढचे काम मुलांनी केले. गणितज्ञ ल्युका यांनी १८७८ मध्ये दाखवल्याप्रमाणे ४२९४९६७२९७ चा कोणताही मूळ अवयव १२८ च्या पटीत १ मिळवूनच येतो, आणि ६७००४१७ चे वर्गमूळ २५८८ च्या जरासे पुढे असल्याने २५७, ६४१, ७६९, ११५३ आणि १४०९ एवढ्याच मूळ संख्या तपासायच्या राहतात. बाक्या अनुक्रमे १७०, ४४, १२०, ३३४ आणि ६२२ आल्या, तेव्हा मुलांनी वहीत तो कंस खोडून टाकला. जवळच्याच पाटणे गावी भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा १२०७ सालचा शिलालेख आहे. त्या तालुक्यातील मुलांना भागाकाराची गोडी लागावी, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

उणीव एकच, पण मोठी. २ चा ६४ वा घात अधिक १ ही वीस अंकी संख्या दिली, की पडद्यावर १.८४४६७४४०७×१०¹⁹ एवढेच दिसते, शेवटचे अंक जातात आणि अवयव पडत नाहीत.

दहावीच्या बोर्डाच्या पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही, तरीही वर्गासाठी मी आणखी दोन नग मागवले आहेत.